दहा म्हणजे दहा

फोनवर पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "मॅडम, तो तोंड उघडणारच नाही." त्यापाठोपाठ येणारं वाक्य जास्त जड असतं, "आधी दोघा-तिघांकडे जाऊन आलोय." मी लहान मुलांच्या दातांचं शिक्षण घेतलं, सांगलीत दवाखाना थाटला, आणि ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेली मुलं एकेक करून येऊ लागली. त्यातली काही मोठी झाली, त्यांना मिशा फुटल्या, केस पिकायला लागले, तरी ती माझ्याकडेच येत राहिली. त्यांना दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. त्यामुळे भिंतीवर ससे-हत्ती काढलेल्या माझ्या खोलीत आता पस्तिशी-चाळिशीची माणसंही येतात.

तर, फोन आला की मी दातांबद्दल फार विचारत नाही. विचारते, "केस कापायला कुठे नेता? न्हाव्याच्या खुर्चीत बसतो का, की झोपल्यावर घरीच कापता?" पालकांना आधी हा प्रश्न कळत नाही. पण मानेभोवती घट्ट कापड, कानाशी घरघरणारं मशीन, डोक्यावर परक्या माणसाचा हात आणि मान स्थिर ठेवायची सक्ती, हे सगळं जो सोसतो त्याला माझी खुर्ची फारशी परकी नसते. जो सोसत नाही, त्याच्यासाठी कुठून सुरुवात करायची तेही याच उत्तरातून कळतं. मग पुढचे प्रश्न. मिक्सर लावला की कानावर हात ठेवतो का? नको असेल तेव्हा ते कसं सांगतो? चिडण्याआधी काय करतो, बोटं चावतो, की येरझाऱ्या घालतो? दात कोण घासतं, कुठे उभं राहून, आणि किती वेळ? सगळ्यात आवडतं काय? या शेवटच्या प्रश्नाला आया भरभरून बोलतात. बहुधा तोवर त्यांना सगळीकडे फक्त काय जमत नाही तेच विचारलेलं असतं.

दातांच्या खोलीकडे एकदा अशा मुलाच्या अंगाने बघायला हवं. दारातच लवंगतेलाचा वास. पाठीमागे कॉम्प्रेसर, तो न सांगता धडधडायला लागतो. डोळ्यांवर दिवा. मास्कमुळे समोरच्याचा अर्धा चेहरा गायब. खुर्ची आपोआप मागे झुकते, पायाखालची जमीन सुटते. मग तोंडात, म्हणजे शरीराच्या सगळ्यात हळव्या जागी, रबराची बोटं, थंड लोखंड, पाण्याचा फवारा, आणि ते पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी. एरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, आवाज तर आपल्यालाही नकोसा होतो. ज्याच्या मेंदूला आवाज आणि स्पर्श आपल्याहून कितीतरी मोठे होऊन पोचतात, तो उठून पळाला तर त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. म्हणून अशा दिवशी कॉम्प्रेसर मूल येण्याआधी भरून बंद केलेला असतो, वरचा दिवा मालवलेला असतो, आणि मी डोक्याला लावायची छोटी बॅटरी वापरते. बाहेरच्या बाकावर थांबायला लावत नाही. तासगावहून एसटीने आलेलं मूल आधीच थकलेलं असतं, त्यात अर्धा तास टीव्हीच्या आवाजात बसवलं की त्याची सहनशक्ती तिथेच संपते. रिक्षातच बसा, मी मोबाइलवर मिस्ड कॉल देते, असं सांगून ठेवते.

यातलं काहीच मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत लिहिली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला कुरवाळू लागलं. दातांच्या शास्त्रात 1959 साली अ‍ॅडलस्टन यांनी एक साधी रीत मांडली, आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आम्ही ती बीडीएसला असतानाच पाठ केलेली असते. फक्त पुस्तकात ती एका ओळीत संपते. ज्या मुलाला 'सांगणं' शब्दांतून पोचत नाही, त्याच्यासाठी ती एक ओळ काही महिने चालू शकते.

अकरा वर्षांचा एक मुलगा होता. बोलत नसे. खालच्या दोन दाढा किडलेल्या, दुखत नव्हत्या, पण वेळही फार नव्हता. आधीच्या अनुभवामुळे दवाखान्याची पाटी दिसली की तो रस्त्यावरच बसकण मारायचा. म्हणून पहिलं काम पाटीचंच होतं. आईने त्याला संध्याकाळी फिरायला आमच्या रस्त्याने आणायचं, पाटीखालून पुढे जायचं, आणि घरी परतायचं. ते अंगवळणी पडल्यावर पायरीपर्यंत. मग चपला काढून आत, पंख्याखाली उभं राहायचं, परत. पंखा त्याला फार प्रिय. छताच्या पंख्याकडे बघत तो कितीही वेळ रमायचा. माझ्या खुर्चीवर पंखा थेट डोळ्यांसमोर येत नव्हता, म्हणून सुताराला बोलावून हुक सरकवून घेतला. खुर्चीत बसलं की पंखा सुरू, उठलं की बंद. नावडतं झालं की लगेच आवडतं, हा क्रम त्याला दोन भेटींत कळला.

घरासाठी मी त्यांना फोटोंची वही दिली. आमच्याच दवाखान्याचे फोटो: दार, चपलांचं कपाट, खुर्ची, माझा मास्क नसलेला चेहरा, माझा मास्क लावलेला चेहरा, तोंडाचा आरसा, नळ, आणि शेवटी त्याच्या घराचं दार. लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावलेला. एकेक गोष्ट झाली की तो फोटो काढून पाकिटात टाकायचा. किती उरलंय ते त्याला दिसत असे. घराच्या दाराचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण शेवट ठरलेला आहे हे तो सांगतो. प्लास्टिकचा आरसाही घरी दिला. रात्री दिवाणावर आडवं करून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, तो आरसा फक्त ओठाला टेकवायचा आणि मोजायचं.

मोजणीबद्दल मी फार कडक आहे. "दहापर्यंत मोजते, मग थांबते," असं म्हटलं की दहाला हात बाहेर. दाढ स्वच्छ व्हायला तीन सेकंदच उरली असली तरी बाहेर. चांगले, मायाळू डॉक्टरही इथेच घसरतात. नऊ, साडेनऊ, पावणेदहा, झालंच हं, अजून एकदाच. बोलणाऱ्या मुलाला आपण समजावू शकतो, त्याची माफी मागू शकतो. न बोलणाऱ्या मुलाजवळ आपल्यावर विश्वास ठेवायला तो आकडा एवढंच साधन असतं. ते मोडलं की पुढच्या वेळी एकलाही तोंड मिटतं. या मुलाबरोबर आम्ही तीनपासून सुरुवात केली. मग पाच, मग दहा. बॅटरीवर चालणारा टूथब्रश गालाला बाहेरून लावून थरथरीची सवय केली. पावसाळ्यात सुरू केलेलं काम दिवाळीच्या सुट्टीत दाढेपर्यंत पोचलं. एरोटर लावलाच नाही. हातातल्या अवजाराने कीड खरवडली आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरलं. दहा-दहाच्या हप्त्यांनी.

मधल्या एका भेटीनंतर त्याच्या वडिलांनी विचारलं होतं, "मॅडम, आज तर काहीच केलं नाही. फी किती द्यायची?" प्रश्न अगदी रास्त होता. रोजगार बुडवून आलेला माणूस होता. त्या दिवशी त्यांच्या मुलाने पहिल्यांदा खालचा ओठ मला बोटाने खाली ओढू दिला होता. मी त्यांना तो क्षण मोबाइलवर परत दाखवला. आता मी सुरुवातीलाच संपूर्ण कामाची एक रक्कम सांगते, भेटी कितीही होवोत. नाहीतर सवय लावण्याच्या भेटी घरच्यांना फुकट गेल्यासारख्या वाटतात आणि तेही घाई करू लागतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारांचा त्यात समावेश आहे. हे अनेक पालकांना माझ्याकडे आल्यावरच कळतं. पण मुलाला नुसतं पायरीपर्यंत आणण्याच्या भेटीसाठी बिलावर रकानाच नसतो.

आमच्याकडे मुलाचं वागणं नोंदवायला फ्रँकल यांची 1962 सालची मोजपट्टी वापरतात. पूर्ण नकार ते पूर्ण सहकार्य, चार पायऱ्या. उपयोगी आहे, मीही वापरते. पण तिच्यात फक्त मुलाला गुण मिळतात. त्या दिवशी कॉम्प्रेसर चालू होता का, मुलाला किती वेळ ताटकळत ठेवलं, मोजणी पाळली का, हे कुठेच लिहिलं जात नाही. मी माझ्या कागदावर त्या शेजारी दुसरा रकाना आखला आहे, आम्ही काय केलं त्याचा. काही महिन्यांची पानं उलटली की दोन्ही रकाने एकमेकांना धरून चालताना दिसतात.

विशेष शाळांशी माझा एक जुना वाद आहे, आणि तो मी दरवर्षी नव्याने घालते. तिथल्या शिक्षिका फार कष्टाने मुलांना शिकवतात, आणि जमलं की लगेच बक्षीस देतात. तत्त्व तेच, जे मी वापरते. पण बक्षीस असतं अर्धं बिस्किट, गोळी, वेफरचा तुकडा. मणी ओवला, गोळी. नाव घेतल्यावर बघितलं, गोळी. दिवसभर तोंडात थोडं थोडं गोड म्हणजे कीड लागायला यापेक्षा सोयीची व्यवस्था नाही. त्यात बरीच मुलं घास गालात धरून ठेवतात, मऊ वरणभातावर आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटावर वाढलेली असतात, रात्री झोपताना फिटचं गोड सिरप घेतात. त्यावर चूळही होत नाही. फिटचं फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या सुजून दातांवर चढतात, ते वेगळंच. मी शिक्षिकांना गोळी सोडा म्हणत नाही. बदली काय देता येईल ते मुलागणिक शोधून देते. कुणाला साबणाचे फुगे, कुणाला झोका, कुणाला टाळी, कुणाला चार फुटाणे. एका शाळेतल्या बाईंनी तर बक्षीस म्हणून घंटा वाजवायची मुभा ठेवली. ती कल्पना त्यांची होती, आणि माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा चांगली होती.

मोठ्या माणसांबद्दल लिहायलाच हवं, कारण लिहिलं फार कमी जातं. डाऊन सिंड्रोम असलेल्या एक बाई माझ्याकडे येतात. कार्यशाळेत कागदी पिशव्या करतात, स्वतःची कमाई पर्समध्ये ठेवतात. डाऊन सिंड्रोममध्ये कीड तुलनेने कमी असते, पण हिरड्यांचा आजार तरुणपणीच सुरू होतो आणि झपाट्याने वाढतो. पहिल्यांदा आल्या तेव्हा खालचे पुढचे दात हलत होते. हृदयाला जन्मतःच दोष होता, म्हणून आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून अँटिबायोटिक ठरवलं, मग साफसफाई. सत्तरी ओलांडलेली आई रोज त्यांचे दात घासून द्यायची, आणि आईच्या मनगटात आता जोर नव्हता. मी आईंना विचारू लागले तेव्हा त्या बाईच मध्ये म्हणाल्या, "डॉक्टरताई, मी करते ना." इतक्या वर्षांत तसं कुणी विचारलंच नव्हतं. घरात त्या 'बाळ' होत्या.

मग आम्ही दात घासण्याचे तुकडे पाडले. ब्रश ओला करणं, वाटाण्याएवढी पेस्ट, उजवीकडे बाहेरून, उजवीकडे आतून, आणि असं पुढे. आरशाशेजारी चित्रांचा तक्ता लावला. शिकवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून केली. आधी सगळं आईने करायचं, फक्त शेवटची चूळ आणि ब्रश पेल्यात ठेवणं त्यांचं. ते जमलं की त्याआधीचा तुकडा त्यांचा. अशाने रोजचं काम त्यांच्याच हातून पूर्ण होतं, अर्धवट सोडल्याची हार पदरी येत नाही. आईचा हात आधी त्यांच्या हातावर, मग मनगटावर, मग कोपरावर, मग नुसता शेजारी. मिंटची पेस्ट तिखट लागते म्हणून बिनमिंटची आणली. ब्रशची मूठ जाड हवी होती, तर सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. आतल्या बाजूच्या दोन जागा अजून नीट होत नाहीत, तिथे आईच घासते. पण हिरड्यांतून रक्त येणं थांबलं. कार्यशाळेतल्या मैत्रिणींना तो तक्ता त्यांनी स्वतः समजावून दिला आहे, आणि मी त्यांच्याशी बोलताना आईकडे बघितलं तर अजून रागावतात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका तरुणाचं सगळं उलटं होतं. बी.कॉम. झालेला, डोकं तल्लख, बोलणं अनोळखी माणसाला लवकर समजत नाही. त्याला माझी भीती नव्हती, स्वतःच्या शरीराची होती. अचानक आवाज झाला की सगळं अंग दचकून ताठ होतं, दाताला काही लागलं की जबडा आपसूक मिटतो. "मी मुद्दाम चावत नाही," हे त्याने पहिल्याच भेटीत तीन वेळा सांगितलं. याआधी कुणीतरी त्याला ते मुद्दाम वाटल्याचं बोलून दाखवलं असावं. त्याला व्हीलचेअरमधून हलवलंच नाही. डोकं मधोमध टेकवलं, गुडघ्याखाली रजईची गुंडाळी दिली, म्हणजे पाय वाकलेले राहतात आणि अंगाचा ताठरपणा उतरतो. पूर्ण आडवं केलं नाही, गिळायला त्रास होतो. तोंडात दोरा बांधलेला टेकू ठेवला. प्रत्येक स्पर्शाआधी सांगायचं, आणि क्रम दर वेळी तोच. थांबवायची खूण त्याने निवडली, नजर वर छताकडे. हात उचलायला त्याला वेळ लागतो, नजर झटकन जाते. पहिल्या भेटीत त्याने ती खूण पुन्हा पुन्हा वापरली, मी खरंच थांबते का ते बघायला. नंतर फारशी लागली नाही.

हे सगळं वाचून कुणी असं समजू नये की धीराने सगळं जमतं. एका निवासी संस्थेतला मुलगा अचानक स्वतःच्या गालावर ठोसे मारू लागला. भाकरी टाकून नुसता ताक-भात खायचा. वागणं बिघडलं म्हणून त्याच्या औषधांची मात्रा वाढवली गेली. बऱ्याच दिवसांनी तोंडात बघितलं तर दाढेच्या मुळाशी पू. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं, आणि अशा वेळी सवय लावत बसणं म्हणजे क्रूरपणा आहे. त्याला रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं केलं. भूलतज्ज्ञ सोबत असले, मानेची आणि हृदयाची तपासणी झालेली असली, की तो मार्ग मी बिनदिक्कत घेते. फक्त घरी सोडताना फोटोंची वही देतेच. भूल उतरल्यावरही भीती तिथेच असते, आणि नवे दात किडायला फार वर्षं लागत नाहीत. मधला मार्गही आता हाताशी आहे. 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड किडलेल्या जागी टेकवलं की बहुतेकदा कीड थबकते. सुई नाही, एरोटर नाही. किडलेला भाग काळा पडतो, ते आधीच फोटो दाखवून सांगावं लागतं. त्यातून मिळालेले महिने मी सवय लावायला वापरते.

आणि चौघांनी हातपाय धरून दाढ काढणं? आजही होतं. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यकांच्या संघटनेने मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची जुनी पद्धत 2006 साली आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. त्याआधी ती सूचनांत होती, हे विसरून चालणार नाही. रक्त थांबत नाही, श्वास धोक्यात आहे, अशा वेळी धरावं लागेल. पण रोजच्या कामात धरून केलेली एक दाढ त्या माणसाला पुढची वीस वर्षं डॉक्टरांपासून लांब ठेवते. त्याची किंमत पुढे त्याच्या आईला एकटीने मोजावी लागते, त्या दाढेच्या बिलात ती दिसत नाही.

आया आता म्हाताऱ्या होत आहेत. 'आमच्यानंतर काय' हा प्रश्न दातांच्या खोलीतही येतो, हळू आवाजात, निघता निघता. सरकारी कागदावर 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वाला मान्यता दिली आहे, पण अपंगत्वाच्या कार्डावर या माणसाच्या तोंडात कसं शिरायचं ते नसतं. म्हणून मी प्रत्येकाचं एक पान लिहून ठेवते, घरच्यांबरोबर बसून. नको असेल तर काय करतो. कितीपर्यंत मोजायचं. कुठल्या बाजूने सुरुवात करायची. कशाचा वास चालत नाही. बक्षीस काय. एक प्रत फाइलमध्ये, एक आईकडे, एक भावाकडे किंवा बहिणीकडे.

पिशव्या करणाऱ्या बाई गेल्या वर्षी काही महिने पुण्यात बहिणीकडे राहिल्या. तिथल्या डेंटिस्टने ते पान वाचून मला फोन केला. त्यांना एकच विचारायचं होतं, दिवा लावण्याच्या किती सेकंद आधी मी सांगते. मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि जाताजाता खाली स्वतःची एक ओळ वाढवली: डाव्या हाताचे ग्लोव्हज त्यांना स्वतः माझ्या हातात चढवायला आवडतात, तेवढं करू द्यावं.